निनावी बाजार आणि व्यापाऱ्याची इभ्रत

सोलापूर-धुळे हमरस्त्यावर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात येरमाळा हे गाव आहे. बार्शीकडून कळंबकडे जाणारा रस्ता येथेच हमरस्त्याला भेटतो. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरी देवीची यात्रा भरते तेव्हा गावाला माणसांचा पूर येतो. यात्रा म्हटली की बाजार आला आणि मराठवाड्यातला बाजार म्हटला की आपले लोक आले. मणियाराने बांगड्या भराव्यात, अत्ताराने अत्तर, उदबत्ती आणि हळदकुंकू विकावे, बागवानाने फळे मांडावीत, तांबोळ्याने पाने लावावीत, पिंजाऱ्याने कापूस पिंजावा, शिकलगाराने विळ्या-कात्र्यांना धार लावावी, अशी ही जुनी वाटणी. आज कित्येकांनी धंदे बदलले, पण आडनावे तीच राहिली. आपल्याकडे माणसाचे नाव हीच पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या दुकानाची पाटी होती.

नावावर चाललेल्या या धंद्यात आता मोबाईलच्या वाटेने एक बिननावाचा माणूस शिरला आहे. तो कधी गिऱ्हाईक बनून ऑर्डर देतो, कधी विक्रेता बनून माल खपवितो, कधी आपल्या दुकानाला एक तारा देऊन निघून जातो, तर कधी ‘अमक्यांकडून माल घेऊ नका’ असा संदेश गावभर फिरवितो. त्याचा चेहरा दिसत नाही, पत्ता ठाऊक नसतो आणि लावलेले नाव खरे असेलच असे नाही. त्याच वेळी आपले काही बांधवही विचारू लागले आहेत की, नाव दिसले की गिऱ्हाईक परत फिरते, मग आपणही नाव झाकूनच धंदा का करू नये?

हा प्रश्न रोजीरोटीचा आहे, म्हणून तो थट्टेवारी नेता येणार नाही. नाव झाकणे हे सरसकट वाईट नाही आणि सरसकट चांगलेही नाही. नाव कोण झाकतो, कशासाठी झाकतो आणि त्याच्या झाकण्याची किंमत कोण मोजतो, हे पाहूनच निवाडा केला पाहिजे, असे आमचे मत आहे.

झाकलेल्या नावाचे फायदे

प्रथम चांगली बाजू पाहू. गिऱ्हाइकाला निनावी राहण्याचा हक्क पूर्वीपासून आहे. रोख पैसे देऊन पाव किलो खजूर घेणाऱ्याला कोणी त्याचे नाव विचारीत नाही. एखाद्या भगिनीला औषधे किंवा अंतर्वस्त्रे गावातल्या दुकानातून घेण्याचा संकोच वाटतो. तिला मोबाईलवरून ती निमूटपणे मागविता आली तर त्यात कोणाचे नुकसान नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आपली माहिती आपल्यापाशी ठेवण्याच्या हक्काला त्यामुळे घटनेचा आधार मिळाला.

दानधर्माचेही तसेच आहे. उघड सदका देणे चांगलेच, पण तो गुपचूप गरजूंच्या हाती देणे अधिक चांगले, ही सूरह बकरामधील शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. देणाऱ्याचे नाव झाकले की घेणाऱ्याची इभ्रत राखली जाते. मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सोय झाल्यापासून असे दान सोपे झाले आहे. येथे झाकलेले नाव ही नेकीच आहे.

तिसरा फायदा अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याचा. सत्येंद्र दुबे हे सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामावरील तरुण अभियंते. बिहारमधील कामात चाललेला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळविला आणि आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती केली. ती पाळली गेली नाही. पत्र नावासह या कचेरीतून त्या कचेरीत फिरले आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. दुबळा माणूस बलवानाविरुद्ध बोलतो तेव्हा त्याचे नाव फुटणे म्हणजे काय, हे यावरून कळते.

या प्रकरणानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने एक ठराव काढला, तो व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. भ्रष्टाचाराची तक्रार करणाऱ्याने आपले नाव व पत्ता केंद्रीय दक्षता आयोगाला कळवावा, आयोगाने तो गुप्त ठेवावा, मात्र निव्वळ निनावी अर्ज विचारात घेऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे ‘निनावी’ आणि ‘गुप्त’ यांत फरक आहे. गुप्त माणूस कोणाला तरी जबाबदार असतो. निनावी माणूस कोणालाच जबाबदार नसतो. आमच्या सर्व म्हणण्याचे सार या फरकात आहे.

झाकलेल्या नावाचे तोटे

आता दुसरी बाजू. येरमाळ्यावरून जाणारा हमरस्ता सोलापूर आणि धुळे ही दोन शहरे जोडतो. निनावी शब्द माणसाचा जीव कसा घेतो, याचे दोन दाखले या दोन जिल्ह्यांशीच निगडित आहेत.

मोहसीन शेख हा सोलापूरचा तरुण. पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करीत होता. मे २०१४ च्या अखेरीस फेसबुकवर थोर पुरुषांची विटंबना करणारी चित्रे कोणीतरी टाकली आणि पुणे परिसरात हिंसाचार उसळला. २ जून २०१४ रोजी रात्री हडपसर येथे जमावाने मोहसीनला गाठून ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता. चित्रे टाकणारा पडद्याआड राहिला आणि ज्याचा चेहरा व पेहराव ओळखता आला त्याने जीव गमावला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले.

दुसरा दाखला धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावचा. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या सुमारास व्हॉट्सअॅपवरून घरोघर पोहोचले होते. १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले होते. तो संदेश पहिल्यांदा कोणी लिहिला, हे गावातल्या एकालाही ठाऊक नव्हते. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. मर्यादा आली, पण मेलेली माणसे परत आली नाहीत.

या दुसऱ्या घटनेत मारले गेलेले आपल्या समाजाचे नव्हते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. निनावी अफवेला जात नसते आणि धर्म नसतो. दारोदार फिरून पोट भरणारा, परगावी माल विकणारा, म्हणजे ज्याची ओळख सांगणारे जवळ कोणी नाही, तो तिचा पहिला बळी असतो. फेरीवाला, यात्रेतला दुकानदार, गावोगाव फिरणारा कारागीर हे सारे त्याच रांगेत उभे आहेत.

आपल्या लेकीबाळींनाही या पडद्याआडच्या लोकांनी सोडले नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी मुस्लिम महिलांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीवाचून इंटरनेटवर टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडण्याचा अश्लाघ्य प्रकार घडला. करणाऱ्यांनी खोटी नावे लावली होती. तरीही जानेवारी २०२२ मध्ये मुंबई व दिल्लीच्या पोलिसांनी माग काढून तरुणांना अटक केली. इंटरनेटवरचा बुरखा वाटतो तितका जाड नसतो, हा त्यातला धडा. तक्रार झाली नसती तर मात्र तो कोणी फाडलाही नसता.

बहिष्काराचा संदेश आणि बहिष्काराचा ठराव

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी गावच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत, असा ठराव झाला. राज्यभर चर्चा झाली आणि प्रशासनाला दखल घ्यावी लागली. हा ठराव दुःखदायक होताच. परंतु धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ठरावाला तारीख असते, ठिकाण असते, सूचक आणि अनुमोदक असतात. म्हणून त्याविरुद्ध अर्ज करता येतो, दाद मागता येते.

मोबाईलवर फिरणाऱ्या बहिष्काराच्या संदेशाला यांतले काहीच नसते. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तबलीगी जमातीचे निमित्त करून मुस्लिम भाजीवाल्या-फळवाल्यांविरुद्ध असे संदेश देशभर फिरले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविले गेल्याचे मत नोंदविले. न्यायालयात न्याय मिळाला. पण ज्या बागवानाची हातगाडी त्या चार महिन्यांत गल्लीतून परतविली गेली, त्याने कोणाविरुद्ध फिर्याद करावी? उघड दुष्मनाशी लढता येते. निनावी दुष्मन समोर येतच नाही.

आपल्या घरातही पाहू

दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. एकाच आळीतले दोन दुकानदार, दोघेही मशिदीत एका सफीत उभे राहणारे, पण एकाने दुसऱ्याच्या दुकानाला खोट्या नावाने एक तारा द्यायचा, ‘माल भेसळीचा’ असे लिहायचे, हे आपल्याकडे होतच नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? पाठीमागे बोलली तर जी गीबत ठरते, ती मोबाईलवर खोट्या नावाने लिहिली म्हणून हलाल होत नाही. खोटे लिहिले तर ती गीबतही राहत नाही, ती तोहमत होते. आलेली खबर पुढे नेण्याआधी तिची शहानिशा करा, अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाचे नुकसान करून पस्तावाल, असा इशारा सूरह हुजुरातमध्ये दिलेला आहे. संदेश पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक अंगठ्याला तो लागू आहे.

विक्रेत्याने ग्राहक असल्याचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुती लिहिणे हेही कायद्याने बंद आहे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ई-व्यापाराच्या ग्राहक संरक्षण नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरून ढीग मांडणाऱ्या व्यापाऱ्याला नबी करीम (स.) यांनी कसे खडसावले, ती हदीस आपण जाणतो. खोटे पाच तारे म्हणजे ओल्या ढिगावरचे कोरडे धान्यच होय.

मग नाव लावावे की झाकावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाव दिसले की काही गिऱ्हाइके परततात, हे खरे आहे. ते नाकारून आम्ही कोणाची समजूत घालणार नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील उपाहारगृहांनी मालकांची नावे लावावीत, असे हुकूम निघाले तेव्हा सक्तीमागचा हेतू सर्वांनी ओळखला. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणते खाद्यपदार्थ मिळतात हे दुकानदाराने दाखवावे, पण मालकाचे नाव लावण्याची सक्ती नको, असा त्याचा आशय होता. गिऱ्हाइकाला मालाविषयी विचारण्याचा हक्क आहे. मालकाचा धर्म हा मालाचा गुणधर्म नव्हे.

तेव्हा दुकानाला ‘भारत’, ‘महाराष्ट्र’, ‘न्यू स्टार’ असे नाव देण्यात काहीच गैर नाही. ते धंद्याचे नाव आहे, त्यात खोटेपणा नाही. हिंदू व्यापारीही तशी नावे देतात. गैर सुरू होते ते पुढे. मालक म्हणून दुसऱ्याच धर्माच्या माणसाचे बनावट नाव सांगणे, बिलावर खोटा पत्ता छापणे, माल विकल्यावर सापडू नये अशी तजवीज करणे, ही सरळ फसवणूक आहे. वर सांगितलेल्या नियमांनुसार इंटरनेटच्या बाजारपेठेत माल विकणाऱ्याला आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि संपर्काची माहिती द्यावीच लागते. आणि ज्या दिवशी खोटे नाव उघडकीस येते, त्या दिवशी एकट्याचे दुकान बसत नाही, ‘हे लोक असेच’ म्हणून साऱ्या आळीच्या नावाला बट्टा लागतो.

याहून मोठे कारण वेगळे आहे. अफवा आली की व्यापाऱ्याच्या बाजूने कोण उभे राहते? ज्यांना त्याचे नाव ठाऊक आहे, तेच. ‘या मणियाराला आम्ही वीस वर्षे ओळखतो, ह्याच्या बापाने आमच्या आईला बांगड्या भरल्या’ असे म्हणणारे एक घर शंभर निनावी संदेशांना पुरून उरते. ही साक्ष झाकलेल्या नावाला मिळत नाही. मक्केत नबी करीम (स.) यांचा संदेश न मानणारेदेखील आपल्या ठेवी त्यांच्यापाशी ठेवीत, कारण व्यवहारात ते ‘अल-अमीन’ म्हणून ओळखले जात. हिजरतच्या रात्री त्या अमानती परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. मतभेद असूनही नावावर विश्वास टिकला. व्यापाऱ्याला याहून मोठे भांडवल कोणते?

काय करावे?

हे विवेचन व्यवहारात उतरावे म्हणून काही गोष्टी सुचवितो.

प्रत्येक विक्रीचे बिल द्यावे, त्यावर खरे नाव, पत्ता व फोन असावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत, ही आज्ञा सूरह बकरामध्ये विस्ताराने आली आहे. मोबाईलवरच्या उधारीलाही ती लागू आहे.

अनोळखी मोठ्या ऑर्डरपासून सावध राहावे. ‘मी लष्करातला अधिकारी आहे, माल काढून ठेवा, पैसे पाठवितो’ असे सांगून ठकसेन एक चौकोनी कोड पाठवितात आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त पैसे देण्यासाठी असतो. एवढे एक वाक्य दुकानातल्या पोराला पाठ करून ठेवावे. समोरचा व्यापारी म्हणवीत असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक मागावा आणि सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव ताडून पाहावे. याला काही खर्च नाही.

पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. लवकर कळविल्यास रक्कम पुढच्या खात्यात अडविता येण्याची शक्यता असते. इंटरनेटवरील खरेदीत ग्राहक म्हणून फसवणूक झाल्यास १९१५ हा ग्राहक मदत क्रमांक आहे. महिला व बालकांविरुद्धच्या काही सायबर गुन्ह्यांची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. घरातल्या भगिनींना हे जरूर सांगावे.

निनावी धमकी आली तर घाबरून संदेश पुसून टाकू नये. तारीख, वेळ व क्रमांक दिसेल असे पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि पोलिसांकडे लेखी द्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये ओळख लपवून धमकी देणाऱ्यास वाढीव शिक्षेची तरतूद आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुकानाविरुद्ध कोणी खोटे लिहिले तर शिवीगाळ करू नये. एकदाच, स्वतःच्या नावाने, सभ्य शब्दांत खुलासा लिहावा आणि तक्रारदाराला दुकानात येण्याचे निमंत्रण द्यावे. वाचणारे दोन्ही पाहतात, बिननावाचा आरोपही आणि नाव लावून दिलेले उत्तरही.

व्यापाऱ्यांचे व्हॉट्सअॅप समूह चालविणाऱ्यांनी एक नियम करावा की नाव न सांगणारा सभासद नको आणि कुठून आला हे सांगता येत नाही असा संदेश नको. सभासदाने टाकलेल्या मजकुराला निव्वळ प्रमुख म्हणून समूहप्रमुख जबाबदार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. कायद्याने सुटका झाली तरी गावातल्या शांततेची जबाबदारी त्याच्यावर उरतेच.

सारांश, दान द्यायचे असेल तर नाव झाकावे. दुबळ्याला तक्रार करायची असेल तर त्याचे नाव जपावे. गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणून राहू द्यावे, त्याची माहिती इकडेतिकडे वाटू नये. परंतु ज्याला माल विकायचा आहे आणि ज्याला दुसऱ्यावर आरोप करायचा आहे, त्याने आपले नाव द्यावे. आरोप बलवानाविरुद्ध असेल आणि जिवाला धोका असेल, तर किमान तो ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापाशी तरी द्यावे. आपल्या वाडवडिलांनी दिलेली आडनावे ही त्यांच्या हुन्नराची पावती आहे. ती झाकण्याची पाळी यावी असा काळ कोणी आणू पाहत असेल, तर त्याला उत्तर चोख मालाचे आणि खऱ्या वजनाचे असावे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपले नाव राखो.